रोटोरुआचे यजमान

निसर्गाच्या एखाद्या आश्चर्याचे दर्शन घ्यावयास गेलेला प्रवासी त्याची उंची, खोली, उष्णता आणि वय यांची पृच्छा मोठ्या आस्थेने करतो. परंतु त्याच आश्चर्याच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चूल मांडून राहिलेल्या माणसांची तेथे वहिवाट काय होती, आणि ती कोणाच्या हाती व कोणत्या मार्गाने गेली, हा प्रश्न त्याच्या मनास क्वचितच शिवतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटातील रोटोरुआ हे सरोवरकाठचे नगर गेली दीडशे वर्षे जगभरच्या प्रवाशांना आकर्षून घेत आहे. उसळती कारंजी, खदखदणाऱ्या चिखलाची कुंडे आणि गंधकाच्या उग्र दर्पाने भारलेली हवा यांची वर्णने विपुल झाली आहेत. मला मात्र या नगराच्या इतिहासाचे खरे सूत्र त्या दुसऱ्या प्रश्नातच सापडते, आणि त्याच सूत्राने हा इतिहास सांगण्याचे मी योजिले आहे.

आपल्या कोकणात वज्रेश्वरी, उन्हवरे किंवा राजवाडी येथे जे उन्हाळे आहेत, त्यांच्या तळाशी जागृत ज्वालामुखी नाही. खोल भेगांतून खाली उतरलेले पावसाचे पाणी भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापून पुन्हा वर येते, एवढेच तेथे घडते. रोटोरुआचा प्रकार अगदी निराळा. सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वी एक प्रचंड उद्रेक होऊन जमिनीचा विस्तीर्ण भाग खचला, त्या खळग्यात पाणी साठून आजचे ८० चौरस किलोमीटरांचे सरोवर झाले, आणि त्या प्रदेशाखालचा तप्त शिलारस अद्यापि थंड झालेला नाही. तेथील माओरी लोक या अग्नीची उपपत्ती आपल्या परीने सांगतात. ते अरावा या नौकेतून त्यांचे पूर्वज या बेटावर उतरले, तेव्हा त्या नौकेचा पुरोहित न्गातोरोइरांगी टोंगारिरो पर्वतावर चढला, आणि शिखरावर थंडीने मरणोन्मुख झाला असता त्याने दूर हवाइकी या मूळ भूमीतील आपल्या भगिनींना अग्नी पाठविण्याची हाक दिली. तो अग्नी समुद्राखालून व जमिनीखालून धावत आला, आणि जेथे जेथे त्याने श्वास घेण्यास डोके वर काढले, तेथे तेथे वाफेचे व उकळत्या पाण्याचे झरे फुटले. भगिनींनी भावासाठी धाडलेली ही ऊब आहे, असे मानणाऱ्या लोकांनी तिच्याशी कुटुंबातील वडीलधाऱ्याशी वागावे तशा आदराने आणि सलगीने वागावे, यात नवल नाही.

सरोवराच्या काठचे ओहिनेमुतू हे न्गाती फाकाउए या कुळाचे गाव. तेथे अन्न शिजे ते जमिनीतून येणाऱ्या वाफेवर, वस्त्रे धुतली जात ती ऊन झऱ्यात, आणि संध्याकाळी लहानथोर मंडळी ऊन पाण्याच्या कुंडात बसून दिवसभराच्या गोष्टी बोलत. जमीन खणावी तर वाफ फुटावयाची, म्हणून मृतांच्या समाधीही भूमीच्या वर बांधाव्या लागत. सरोवराच्या मध्यभागी मोकोइया नावाचे बेट आहे. तेथील तुतानेकाई याची बासरी ऐकून हिनेमोआ ही थोर कुळातील कन्या दुधीभोपळ्यांच्या आधाराने रात्री पोहत पैलतीरास गेली, आणि गारठलेले अंग तिने ज्या कुंडात शेकले ते कुंड आजही दाखविले जाते. या लोकांच्या प्रेमकथेतसुद्धा उष्णोदक हे केवळ देखावा म्हणून येत नाही. ते त्यांच्या संसाराचे अंग होते.

परदेशी प्रवासी मात्र प्रथम आले ते या गावासाठी नव्हे. रोटोरुआच्या आग्नेयेस, तारावेरा पर्वताच्या पायथ्याशी रोटोमहाना नावाचे एक लहानसे ऊन सरोवर होते, आणि त्याच्या समोरासमोरच्या काठांवर निसर्गाने दोन सोपान रचले होते. उकळत्या झऱ्यांच्या पाण्यात विरघळलेली सिलिका थंड होताना थरावर थर बसत जाऊन ते घडले होते. ते ताराता हा शुभ्र सोपान सुमारे तीस मीटर उंचीवरून पंख्यासारखा पसरत पाण्यापर्यंत उतरे, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर निळ्या पाण्याचे एकेक कुंड भरलेले असे. ओतुकापुआरांगी हा गुलाबी सोपान आकाराने लहान, पण त्याची कुंडे स्नानास सुखद. भूगर्भशास्त्रज्ञ फेर्डिनांट फॉन होखश्टेटर याने १८५९ साली या प्रदेशाची पाहणी केली. १८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पुत्र प्रिन्स आल्फ्रेड येऊन गेला. त्यानंतर अँथनी ट्रोलप आणि जेम्स फ्रूड यांच्यासारख्या लेखकांनी आपल्या प्रवासग्रंथांत या सोपानांचे वर्णन केले, आणि चार्ल्स ब्लूमफील्ड या चित्रकाराने ते रंगांत उतरविले. पृथ्वीवरील आठवे आश्चर्य म्हणून त्यांची ख्याती झाली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, आणि तिच्याकडे तत्कालीन प्रवासवर्णनांनी तक्रारीच्या सुराखेरीज पाहिले नाही, याचा मला खेद वाटतो. सोपानांची भूमी तूहोउरांगी या कुळाची होती, आणि तेथील पर्यटनाचा सगळा कारभार या कुळाने आपल्या हाती ठेवला होता. ऑकलंडहून जहाजाने टौरांगा, तेथून गाडीरस्त्याने ओहिनेमुतू आणि पुढे तारावेरा सरोवराकाठचे ते वैरोआ हे गाव, अशी मजल करून आलेल्या प्रवाशास पुढचे प्रत्येक पाऊल तूहोउरांगींच्या अनुमतीनेच टाकावे लागे. तारावेरा सरोवर ओलांडण्याची नाव त्यांची, नावाडी त्यांचे, पुढच्या लहान होड्या त्यांच्या, मार्गदर्शक त्यांचे. रेखाटन करणाऱ्यास वा छायाचित्र घेणाऱ्यास वेगळी फी. युरोपीय प्रवासी या दरांना लूट म्हणत. पण आपल्याच भूमीतील आश्चर्य दाखविण्याचा मोबदला ठरविण्याचा हक्क मालकाला नसावा, असे म्हणणाऱ्यांपैकी कोणी आपल्या देशातील किल्ल्याचे वा उद्यानाचे दार पाहुण्यास फुकट उघडले असते, असे मला वाटत नाही. वसाहतीच्या त्या काळात एका अंकित समाजाने स्वतःच्या अटींवर, स्वतःच्या हिशेबाने चालविलेला असा उद्योग जगात दुर्मिळच म्हटला पाहिजे. ते वैरोआ येथे हिनेमिही नावाचे जे कोरीव सभागृह बांधले गेले, त्यातील पूर्वजांच्या मूर्तींचे डोळे नेहमीच्या शिंपल्यांऐवजी सोन्याच्या नाण्यांचे बसविले होते. पाहुण्यांस ते वैभवाचे प्रदर्शन वाटे. मला त्यात कमावलेल्या धनाचा पहिला वाटा पूर्वजांना देण्याची वृत्ती दिसते.

या कारभाराचे मुख म्हणजे तेथील मार्गदर्शक स्त्रिया. त्यांत केट मिडलमास आणि तिच्याहूनही अधिक सोफिया हिनेरांगी हिचे नाव सर्वत्र झाले. सोफियाचा पिता स्कॉट, माता माओरी. दोन्ही भाषा तिला सारख्याच अवगत, दोन्ही समाजांच्या रीती सारख्याच परिचित. अनेक लेकरांची ही माता प्रवाशांना हात देऊन पायऱ्या चढवी, कोणते कुंड स्नानाचे आणि कोणते मृत्यूचे ते सांगे, दुपारी उष्ण झऱ्यात शिजविलेले बटाटे आणि सरोवरातील झिंगे पानावर वाढी, आणि या सर्वांत तिचा अधिकार असा निर्विवाद असे की उमरावांनीसुद्धा तिच्या शब्दाबाहेर जाऊ नये. आज प्रवासव्यवसायात मार्गदर्शक हा पगारी नोकर समजला जातो. सोफिया ही यजमानीण होती.

१८८६ च्या ३१ मे रोजी सोफिया प्रवाशांची एक तुकडी घेऊन निघाली असता तारावेरा सरोवराचे पाणी अकस्मात चढले व ओसरले, आणि दूर पाण्यावर एक प्राचीन धाटणीची युद्धनौका दिसून दृष्टिआड झाली, असे नावेतील माओरी व युरोपीय अशा दोन्ही लोकांनी सांगितले. तशी नौका त्या सरोवरावर कोणापाशीही नव्हती. तूहोतो आरिकी या अतिवृद्ध पुरोहिताने तो अरिष्टाचा संकेत मानला. त्यानंतर दहा दिवसांनी, १० जूनच्या मध्यरात्रीनंतर, तारावेरा पर्वताची शिखरे एकामागून एक फुटली, पहाटेच्या सुमारास रोटोमहाना सरोवराचा तळच उडाला, आणि सुमारे सतरा किलोमीटर लांबीची एक भेग पृथ्वीच्या पाठीवर उघडली. उजाडेपर्यंत सगळे आटोपले होते. आवाज ऑकलंडपर्यंत पोहोचून तेथे लोकांस तोफांचा भास झाला. ते आरिकी आणि मोउरा ही गावे माणसांसकट गडप झाली. ते वैरोआवर तापलेला चिखल, राख व दगड यांचा वर्षाव झाला. सुमारे १२० माणसे मृत्यू पावली, त्यांत बहुतांश माओरी. सोफियाच्या भक्कम उताराच्या छपराच्या घरात साठांहून अधिक जीवांनी आश्रय घेतला व ते वाचले. हिनेमिही सभागृहात शिरलेलेही वाचले. तूहोतो आपल्या गाडलेल्या झोपडीतून चार दिवसांनी जिवंत निघाला. त्याच्या शापानेच हे घडले, या समजुतीने त्याला उकरून काढण्यास आप्तही धजत नव्हते. त्यास रोटोरुआच्या रुग्णालयात नेण्यात आले, तेथे त्याचे पवित्र मानलेले केस कापले गेले, आणि थोड्याच दिवसांत त्याने देह ठेवला. कोणाचे हृदय या वृद्धासाठी हेलावणार नाही?

सोपान नाहीसे झाले. फुटलेल्या विवरात वर्षानुवर्षे पाणी भरून पूर्वीच्या कितीतरी पट मोठे असे नवे रोटोमहाना झाले, आणि त्याच्या तळाशी वा काठी त्या पायऱ्यांचा काही भाग शिल्लक आहे की काय, याविषयी संशोधकांत अद्यापि मतभेद आहेत. पण तूहोउरांगींच्या बाबतीत मतभेदास जागा नव्हती. त्यांचे आप्त गेले, गाव गेले, आणि ज्या आश्चर्याच्या आधारावर त्यांचा स्वतंत्र कारभार उभा होता तेही गेले. नातलग कुळांनी त्यांस आश्रय दिला. पुष्कळजण रोटोरुआच्या दक्षिणेस फाकारेवारेवा येथील कारंज्यांच्या खोऱ्यात, न्गाती वाहिआओ या आप्तकुळाच्या छायेत येऊन राहिले. सोफियाही तेथेच आली आणि १९११ साली निवर्तेपर्यंत तेथेच तिने पाहुण्यांना वाट दाखविली. हिनेमिहीची वास्तू गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो याने १८९२ साली विकत घेऊन इंग्लंडमध्ये आपल्या उद्यानात नेली.

इकडे रोटोरुआ नगराची हकीकत निराळ्या वळणाने चालली होती. १८८० च्या नोव्हेंबरात न्यायाधीश फ्रान्सिस फेंटन याच्या मध्यस्थीने न्गाती फाकाउए कुळ आणि सरकार यांच्यात करार झाला. जमीन कुळाचीच राहावी, नगराचे भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने लिलावात द्यावे, सरकारने कुळाच्या वतीने भाडे वसूल करून त्यांस पोचते करावे, आणि औषधी झऱ्यांची जागा सर्व जगातील लोकांच्या उपयोगासाठी राखावी, असा त्याचा आशय होता. या शेवटच्या कलमातील औदार्य थोर खरे. पुढील वर्षी कायदा झाला, १८८२ मध्ये लिलावही झाला. परंतु पट्टेदारांनी भाडी थकविली, मंदी आली, उद्रेकाने प्रवासी आटले, आणि वसुलीची जबाबदारी ज्या सरकारने पत्करली होती त्याच सरकारने शेवटी १८९० च्या सुमारास नगराची भूमी खरेदी करून टाकली. खरेदीचा कागद कायदेशीर होता. पण भाडे थकवू देणारा मुखत्यार स्वतःच खरेदीदार व्हावा, यास न्याय म्हणण्यास मन धजत नाही.

पुढे १८९४ साली ऑकलंडहून लोहमार्ग आला, आणि १९०१ मध्ये न्यूझीलंड सरकारने प्रवास व आरोग्यस्थाने यांसाठी स्वतंत्र खाते काढले. असे खाते काढणारे जगातील पहिले सरकार म्हणून त्याचा उल्लेख होतो. खात्याचे स्वप्न होते दक्षिण गोलार्धात युरोपच्या तोडीचे स्नाननगर उभारण्याचे. कुळाने जगास अर्पिलेल्या जागेत सरकारी उद्याने झाली, आणि १९०८ साली तेथे जुन्या इंग्लिश लाकडी धाटणीचे भव्य स्नानगृह उघडले. एका उन्हाळ्याचे अम्लयुक्त पाणी संधिवातावर देत. १८७८ साली टौरांगाहून पायी आलेला एक कॅथलिक पाद्री त्याने बरा झाला, म्हणून त्या स्नानास पाद्र्याचे नाव पडले. दुसऱ्याचे सिलिकायुक्त मऊ पाणी त्वचेसाठी. त्यास लंडनच्या एका सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या बाईचे नाव, रेचेल, दिले गेले. माओरी लोकांची या झऱ्यांना नावे नव्हती असे नाही. दफ्तरात मात्र नवी नावे चढली. ज्या पाण्यासाठी हा प्रासाद बांधला त्याच पाण्यातील वायूने त्याचे नळ, खिळे व रंग वर्षानुवर्षे खाल्ले, दुरुस्तीचा खर्च कधी संपला नाही, आणि स्नानोपचारांवरील वैद्यकाची श्रद्धा ओसरल्यावर ती इमारत संग्रहालयाच्या कामी आली. २०१६ च्या भूकंपानंतर तीही बंद करावी लागली.

रोटोमहानापासून जवळच, वाइमांगू येथे, १९०० साली चिखलाचे काळे पाणी व दगड चारशे मीटरपर्यंत उडविणारे एक अवाढव्य कारंजे प्रकट झाले. १९०३ मध्ये त्याच्या अति निकट गेलेल्या चारजणांना त्याने ओढून नेले, त्यांत नामांकित रग्बीपटू जो वॉरब्रिक होता; आणि पुढच्याच वर्षी ते कायमचे निमाले. वाइओतापू येथे तर बेडीतील मजुरांनी ऊन कुंडात साबणाने कपडे धुतले तेव्हा कारंजे उसळले, हे पाहून पुढे त्यास गव्हर्नरच्या कन्येचे नाव देण्यात आले, आणि आज रोज सकाळी सव्वादहा वाजता साबणासारखे द्रव्य टाकून ते प्रवाशांसमोर उडविले जाते. या दोन्ही गोष्टींत माणसे आहेत. पण यजमान कोणीच नाही, आणि म्हणून त्यांवर अधिक रेंगाळण्याची मला इच्छा नाही.

यजमान होते ते फाकारेवारेवाला. खात्याने तेथे, खऱ्या नांदत्या गावाच्या शेजारी, प्रवाशांस दाखविण्यासाठी माओरी तटबंदी गावाचा नमुना बांधला. गावकरी मात्र आपल्या घरांत राहून, आपल्या वाफेच्या चुली व कुंडे न सोडता पाहुण्यांना ये म्हणत राहिले. मुले पुलावरून उड्या टाकून पाण्यातील नाणी झेलीत. स्त्रिया मार्गदर्शनाची ती ते वैरोआची परंपरा चालवीत. त्यांत माकेरेती अग्रगण्य. १८७३ साली जन्मलेल्या या विदुषीस एका प्रवाशाने माओरी आडनाव विचारले असता तिने जवळच्या पापाकुरा कारंज्याचे नाव सांगितले, आणि मॅगी पापाकुरा या नावाने ती जगप्रसिद्ध झाली. १९०१ साली राजपुत्र जॉर्ज व त्याची पत्नी यांना तिने हे खोरे दाखविले. १९१० व १९११ साली आपल्या कुळातील कलावंतांचा ताफा घेऊन ती सिडनी व लंडन येथे गेली. पुढे विवाह करून इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर तिने ऑक्सफर्ड येथे मानववंशशास्त्राचा अभ्यास आरंभिला आणि आपल्याच लोकांच्या कुटुंबाविषयी, बालसंगोपनाविषयी, अन्नाविषयी व घराविषयी प्रबंध लिहिला. तो सादर होण्यापूर्वीच १९३० मध्ये ती वारली. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. जिला हजारो प्रवाशांनी पाहण्याचा विषय मानले होते, तिने पाहणाऱ्यांच्याच विद्यापीठात जाऊन आपले जीवन आपल्या शब्दांत नोंदविले. या एका कृतीची थोरवी त्या खोऱ्यातील सर्व कारंज्यांहून मला अधिक वाटते.

त्या पापाकुरा कारंज्याचीही एक कथा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून नगरातील घरे, वसतिगृहे व जलविहारगृहे तापविण्यासाठी लोकांनी शेकडो विंधनविहिरी खणून भूगर्भातील ऊन पाणी उपसण्यास आरंभ केला. कोणाचा त्यावर हक्क, हे जणू विचारण्याचे कारणच उरले नव्हते. १९७९ साली पापाकुरा थांबले. इतर झऱ्यांचाही जोर ओसरू लागला. १९८६ मध्ये सरकारने पोहुतू या मुख्य कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करण्याचा हुकूम काढला. नागरिकांनी कडाडून विरोध केला, पण हुकूम अमलात आला, भूगर्भातील दाब हळूहळू परतला, आणि २०१५ साली पापाकुरा छत्तीस वर्षांनी पुन्हा उसळले.

हक्कांचा प्रवाहही मंद गतीने परतला आहे. ते अरावा नौकेच्या वंशजांच्या सरोवरांच्या मोबदल्यात १९२२ च्या करारान्वये कुळांस सालीना ६,००० पौंड मिळत असत, आणि महागाईने त्यांची किंमत उत्तरोत्तर घटत गेली. २००६ च्या कायद्याने सरोवरांचे तळ त्यांस परत मिळाले. २००९ च्या कायद्याने फाकारेवारेवाच्या खोऱ्याची भूमी, आणि २०२० च्या कायद्याने १९६३ साली स्थापिलेली कोरीव कामाची व विणकामाची राष्ट्रीय संस्था, अशी दोन्ही तेथील कुळांच्या स्वाधीन झाली. पोहुतूचे दर्शन घेणारा प्रवासी आज जे प्रवेशमूल्य देतो, ते न्गाती फाकाउए आणि तूहोउरांगी-न्गाती वाहिआओ यांच्या खजिन्यात जमा होते. आणि इंग्लंडमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभे राहिलेले हिनेमिही आपल्या माणसांकडे परत धाडण्याचे त्या देशातील त्याच्या राखणदारांनी मान्य केले आहे.